कूपनाची स्थळप्रत

आम्ही ज्यांचे लेखापरीक्षण करतो अशा एका कबड्डी मंडळाचे अध्यक्ष आणि खजिनदार गेल्या हंगामात अंतिम सामन्याच्या तीन दिवस आधी माझ्या कार्यालयात आले, तेव्हा त्यांचा प्रश्न एवढाच होता की सोडतीतल्या मोटारसायकलीवर टीडीएस भरावा लागतो का. खजिनदारांनी टेबलावर कूपनांची 20 पुस्तके मांडली. प्रत्येकात 50 कूपने, एका कूपनाला 200 रुपये. वर बारीक अक्षरांत 'देणगी मूल्य' आणि खाली ठसठशीत 'भाग्यवान सोडत' असे छापलेले. 312 कूपने खपून 62,400 रुपये जमले होते आणि त्यातून खेळाडूंसाठी मॅट घ्यायची होती.

कराचे उत्तर सोपे होते. सोडतीतले बक्षीस 10,000 रुपयांहून अधिक किमतीचे असेल तर 30 टक्के कर लागतो आणि बक्षीस वस्तुरूपात असेल, तर तो कर भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय आयोजकांनी ती वस्तू हवाली करायची नसते. 90,000 रुपयांच्या गाडीसाठी हा आकडा 27,000 होतो. "म्हणजे ज्याचा नंबर लागला, त्यानेच आधी सत्तावीस हजार आणायचे?" असे अध्यक्षांनी विचारले आणि दोघेही हसले. त्यांना हसताना पाहून पुढचे सांगणे मला अधिकच अवघड गेले.

पैसे घेऊन तिकीट देणे, चिठ्ठीने विजेता ठरवणे आणि बक्षीस देणे या तीन गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी होते. 1998 च्या लॉटरी कायद्याच्या व्याख्येत तर 'कोणत्याही स्वरूपात, कोणत्याही नावाने' असे शब्दच आहेत. सरकारी किंवा सरकारने परवानगी दिलेली लॉटरी वगळता इतर लॉटरीच्या सोडतीसाठी जागा चालवणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 294अ खाली गुन्हा होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली येतो आणि त्याला 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पैसा मॅटसाठी जाणार की कोणाच्या खिशात, याने ही व्याख्या बदलत नाही.

"पण साहेब, सरकार स्वतः लॉटरी चालवतेच ना?" खजिनदारांचा हा प्रश्न गैर नव्हता, कारण महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून चालू आहे. ब्रिटनमध्ये 2005 च्या कायद्यानुसार लहान क्लबांना स्थानिक प्रशासनाकडे नोंदणी करून अशी सोडत काढता येते. जमा रकमेपैकी किमान 20 टक्के मूळ कार्यासाठी द्यावे लागतात. आपल्याकडे मंडळांसाठी अशी एखादी लहान खिडकी असायला हवी होती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मात्र ती नसताना 'सगळेच करतात' हा बचाव मी लेखी सल्ल्यात घालू शकत नव्हतो.

बोलता बोलता मी एका पुस्तकाच्या स्थळप्रती चाळत होतो. 147 क्रमांकावर माझेच नाव होते. महिन्यापूर्वी फाटकाशी आलेल्या एका मुलाच्या हातात मी 200 रुपये ठेवले होते आणि कूपन न वाचताच खिशात घातले होते. माझ्या आवाजातला उपदेश तिथेच ओसरला.

शेवटी असे ठरले की सोडत रद्द करायची, तसा फलक मैदानावर लावायचा, प्रत्येक कूपनधारकाला पैसे परत देऊ करायचे आणि ज्याला ते नको असतील त्याच्याकडून लेखी संमती घेऊन रीतसर देणगीची पावती फाडायची. सामन्याला प्रवेशशुल्क नव्हतेच, तेव्हा आलेल्या प्रेक्षकांपैकी एकाला चिठ्ठी काढून चषकाची प्रतिकृती द्यावी, असे अध्यक्षांनी सुचवले; कोणाकडूनही पैसे घेतलेले नसल्याने मी त्याला हरकत घेतली नाही. मोटारसायकल विक्रेत्याने परत घेतली, पण आगाऊ रकमेतले थोडे कापून, आणि ती तूट समितीच्या सदस्यांनी आपसात भरून काढली.

141 जणांनी पैसे देणगी म्हणून राहू दिले, त्यात मीही होतो. 118 जणांनी परत घेतले. उरलेल्या 53 स्थळप्रतींवर नुसते 'काका', 'दुकानवाले' किंवा न लागणारी अक्षरे होती, कारण कूपने खपवणाऱ्या मुलांना पूर्ण नाव लिहून घ्यायला कोणी सांगितलेच नव्हते. त्यांचे 10,600 रुपये मंडळाला मॅटसाठी वापरू द्यावेत म्हणून खजिनदारांनी दोनदा गळ घातली. यंदाच्या ताळेबंदात ते दायित्वाच्या बाजूला 'कूपनधारकांना परत देय' या नावाने उभे आहेत आणि मॅट अजून आलेली नाही.