आमची वाटचाल: ब्लाउजच्या भरतकामापासून टाक्यांच्या संचापर्यंत

ब्लाउजवर हाताने भरतकाम करून देणं हे आमचं मूळ काम. नेहमीच्या गिऱ्हाईक बायका 'आम्हालाही शिकवा' म्हणू लागल्या, त्यातून वर्ग सुरू झाले आणि वर्गातून घरपोच जाणारे भरतकामाच्या साहित्याचे संच.

संचातलं कापड आम्ही धुवून, इस्त्री करूनच देतो. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, दोरा तितका आटत नाही आणि नक्षीभोवती चुण्या पडतात. सोबत कापड ताणून धरायला सहा इंची लाकडी रिंग, बारीक सुया आणि सहा पदरी दोऱ्याच्या लडी. दोरा 18 इंचच कापायचा. लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा घासून पिंजतो. पदर एकेक करून वर खेचून काढायचे आणि मग दोन जुळवायचे. एकदम फाडले की गुंता झालाच.

धावदोरा आणि टीप पटकन जमतात. खरी परीक्षा दांडी टाक्यापासून. सुई डावीकडून उजवीकडे सरकते आणि दोरा कायम रेघेच्या खालीच राहायला हवा. मध्येच वर गेला की दोरखंडासारखा पीळ तिथेच मोडतो.

साखळी टाक्यात दोरा ओढण्याचा हात हलका हवा. कडी मिटली की नुसती रेघ उरते. टोकदार कोपऱ्यावर शेवटची कडी बारीक टाक्याने बांधून साखळी नव्याने सुरू करायची.

सगळ्यात जास्त विचारणा होते ती गाठीच्या टाक्याबद्दल. दोरा सुईभोवती एक किंवा दोन वेढे घ्यायचा, डाव्या हाताने ताणून धरायचा आणि सुई कापडाचे एक-दोन धागे सोडून खाली घालायची. त्याच भोकात घातली तर गाठ उलट बाजूला निसटते. मोठी गाठ हवी असेल तर वेढे वाढवू नका, पदर वाढवा. जास्त वेढ्यांची गाठ लोंबते.

नक्षी पिवळ्या कार्बनने छापतो. भरून झाल्याशिवाय आणि धुतल्याशिवाय तिच्यावर इस्त्री नको, रेघ पक्की बसते.

आता जॉर्जेटच्या साडीसाठी संच मागतात. त्यात उलटीकडून एका बुट्टीवरून दुसरीकडे नेलेला दोरा आरपार दिसतो, म्हणून प्रत्येक बुट्टीला तो संपवून नव्याने घ्यावा लागतो. तेवढा हात बसेपर्यंत हे काम आम्ही वर्गात समोर बसवूनच शिकवतो.