फक्त तारीख गेलीये
न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलाकडे मी पॅरालीगल आहे, म्हणजे फॉर्म भरा, कागद गोळा करा, आणि मराठी-हिंदीवाला कोणी आला की दुभाषीपण मीच. ६ फेब्रुवारी २०२५. आदल्या दिवशी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलेलं, हातात बेड्या, पायात साखळ्या, आणि ऑफिसात सकाळपासून तोच विषय.

वेटिंगमध्ये एक काका, सत्तरीचे, सिटिझन होऊन जमाना झालेला. फोनवर त्याच बातमीचा व्हिडिओ फुल आवाजात. मला म्हणाले, "बरं झालं बघ, चोरवाटेने डंकी मारून येतात आणि आपलं नाव घालवतात, आम्ही नाही का लाइनीत उभे राहिलो!" मी हं हं केलं आणि फाइल उघडली. काम कुणाचं, तर भाच्याचं. व्हिजिटर व्हिसावर आला, आय-९४ ची, म्हणजे किती दिवस राहता येईल त्या नोंदीची, तारीख संपली तरी इथेच. मी जपून म्हटलं, काका, कायद्याने हापण बेकायदेशीरच राहतोय ना. एकदम चिडले, "अगं बेकायदेशीर काय, व्हिसावर आलाय तो, फक्त तारीख गेलीये!"

फरक आहे, नाही असं नाही. चोरून बॉर्डर ओलांडणं हा फौजदारी गुन्हा, नुसतं तारखेनंतर राहणं तसा नाही. पण डिपोर्ट दोघांनाही करतात. आणि १९९६ चा कायदा, सही क्लिंटनची, सांगतो की तारीख संपल्यावर १८० दिवसांच्या वर राहून निघालात तर ३ वर्षं परत येणं बंद, वर्ष किंवा जास्त झालं तर १० वर्षं. कॅलेंडरवर पेन ठेवून भाच्याचे मोजून दाखवले, २१२ दिवस. काकांनी फोन बंद करून खिशात टाकला.

तिकडे आमची एक कलीग बेड्यांवरून ट्रम्पला शिव्या घालत होती. जयशंकर राज्यसभेत म्हणालेत की ही पद्धत २०१२ पासूनची आहे, म्हणजे ओबामांच्या काळातली, आणि त्या वर्षी ४ लाखांच्या वर लोक परत पाठवलेले. हे सांगितलं तर म्हणे तेव्हाचं वेगळं होतं. काय वेगळं, ते काही सांगेना.

मी तरी कुठे धुतल्या तांदळाची. २०१८ मध्ये जाळीच्या पिंजऱ्यात झोपलेल्या मुलांचा फोटो ट्रम्पच्या नावाने मीच शेअर केलेला, तो निघाला २०१४ चा. आईबापांपासून मुलं तोडणं हे २०१८ चं जास्त वाईट होतं असं मी आजही म्हणते, पण फोटोची चूक कळल्यावरही पोस्ट तशीच ठेवली, मुद्दा बरोबर आहे ना म्हणून.

काका निघताना दारात थांबले. हळूच विचारलं, "त्यालापण असंच पाय बांधून नेतील का गं?"

म्हटलं, स्वतःहून गेला तर नाही, पण ३ वर्षं येता येणार नाही.

"मग तिकीट बघू का? थेट मुंबईचं मिळतं ना?"