उलट्या आट्याचा नट

सरांची जीप फोर्डची, 1943 सालची. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांतून त्यांच्या आजोबांनी घेतली होती, म्हणून घरात तिला अजून ‘डिस्पोजल’च म्हणतात. तिच्या कित्येक बोल्टांच्या डोक्यावर फोर्डचा ‘एफ’ उठवलेला आहे. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजात ती अकरा महिने होती. त्या काळात एकही ‘एफ’वाला बोल्ट मी भंगारात जाऊ दिला नाही.

जुलैत ट्रायलला निघालो, कोल्हापूर ते रत्नागिरी. सर चालवत होते आणि मी शेजारी. आंबा घाट उतरताना धुकं इतकं होतं की पुढच्या ट्रकचा लाल दिवाच काय तो दिसत होता. एका वळणावर गाडी डावीकडे बसल्यासारखी वाटली. उतरून पाहिलं तर मागचं डावं चाक रिमवर आलेलं.

तयारी होती. स्टेपनीत आदल्या दिवशी हवा भरून रात्रभर ठेवून पाहिली होती. सीटखाली जॅक, व्हील पाना, जॅकखाली टाकायला सागवानी फळी आणि 6.00-16 ची नवी ट्यूब. हा साइज ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा, त्यामुळे कुठल्याही तालुक्याच्या गावी टायर-ट्यूब मिळते. या जुन्या जीपवाल्यांचं हे मोठं नशीब.

मी आधी दगड शोधायला गेलो, कारण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही. तो मागच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टला धरतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे, ते हवेत मोकळं फिरतं, आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी उतारावर चालू लागते. म्हणून चाकांना दगड लावायचे, फोर-व्हील टाकायचं म्हणजे पुढची चाकंही धरतात, आणि मगच जॅक. सरांना मी फोर-व्हीलचा दांडा टाकायला सांगितलं आणि पुढच्या चाकाला दगड सारू लागलो.

तेवढ्यात मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला. “सरका मेस्त्री, आमचं रोजचं काम हाय हे,” म्हणत त्याने पान्याला लोखंडी पाइप लावला आणि त्यावर उभा राहिला. भला माणूस, पावसात भिजत मदतीला आला होता. मी मान वर करेपर्यंत ‘कट्ट’ असा आवाज झाला. नट स्टडच्या, म्हणजे ज्यावर तो बसतो त्या आट्याच्या दांडीच्या, तुकड्यासकट रस्त्यावर पडला.

मी ओरडलो, “थांबा! डाव्या बाजूला उलटे आटे हायत!”

या जीपच्या डाव्या चाकांचे नट आपण आवळतो त्या बाजूला फिरवले की सुटतात. चाक फिरताना नट आपोआप ढिला होऊ नये म्हणून त्या काळी असे आटे ठेवत. जुन्या डॉज गाड्यांनाही असायचे. स्टडच्या तोंडावर बारीक ‘एल’ असतो. तो तुटका तुकडा मी उचलला, बोटाने चिखल पुसला, तर ‘एल’ अगदी स्पष्ट. ऐंशी वर्षं टिकलेला स्टड होता. मला फार वाईट वाटलं. ड्रायव्हरचा काहीच दोष नव्हता. डावं चाक आहे हे मीच आधी सांगायला हवं होतं.

उरलेले चार नट हाताने सोडवले. ओल्या जांभ्या मातीत जॅक रुतला नाही तो फळीमुळे. चार नटांवर स्टेपनी बसवली आणि हळूहळू साखरपा गाठलं.

तिथल्या पंक्चरच्या दुकानात सतरा-अठराचा पोरगा होता. गळती कुठून आहे बघायला त्याने चाकात हवा भरली आणि हौदात धरलं. व्हॉल्व्हच्या मुळाशी बुडबुडे आले. चाक बाहेर काढून त्याने थेट रिमवरच्या आठ नटांना पाना लावला. त्याचा हात मी घट्ट धरला. ही लढाईतली रिम दोन भागांची असते आणि ते आठ नट ते दोन भाग जोडून ठेवतात. आत हवा असताना ते सोडले तर वरचा भाग तोफेसारखा उडतो आणि समोरचा माणूस जागीच जातो. रोज एकसंध रिमचे टायर टॉमीने उचकटणाऱ्या पोराला हे कोण सांगणार?

“बाळा, आधी व्हॉल्व्हची पिन काढ. सगळी हवा जाऊ दे. मग भोकात तार घालून बघ, आत काही अडकलेलं नाही ना.”

त्याने पिन काढली. हवा बराच वेळ फुसफुसत राहिली. तो त्या आठ नटांकडे बघत उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. “काका, मी तोंडच त्या नटांवर धरलेलं,” एवढंच बोलला.

रिम उघडली तेव्हा कारण दिसलं. व्हॉल्व्हच्या भोकाच्या आतल्या कडेला गंजाचा पापुद्रा होता आणि त्याने ट्यूब कुरतडली होती. मुळाशी फाटलेल्या ट्यूबला पॅच टिकत नाही. रिमला मी बाहेरून लष्करी हिरवा सुरेख मारला होता, पण ती कड खरवडायची राहून गेली होती. तिथेच बसून पॉलिश पेपरने घासली, नवी ट्यूब घातली आणि आठही नट समोरासमोरचे धरून आवळले. त्या दिवशी रत्नागिरीला गेलोच नाही, परत फिरलो.

नव्या स्टडसाठी साधं लोखंड चालणार नव्हतं. एन-24 या मजबूत पोलादाच्या गजातून उलट्या आट्याचा स्टड लेथवर करून घेतला, कडक व्हावा म्हणून पाणी दिलं आणि बसवला. तुटका स्टड सरांनी मागून घेतला.

गाडी न्यायला आले तेव्हा मी पाना त्यांच्या हातात दिला. “सर, आज चारही चाकं तुम्ही काढायची आन् तुम्हीच बसवायची.” वय सदुसष्ट, पण त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. पहिल्या डाव्या चाकाला ते सवयीने चुकीच्या बाजूला जोर लावणार होते, तेवढ्यात थांबले, चष्मा पुसला आणि वाकून ‘एल’ शोधला.

निघायच्या आधी डाव्या चाकांवर पांढऱ्या रंगाने बाण काढले आणि रिमवरचे आठही नट तांबडे रंगवले. पुढच्या आठवड्यात रत्नागिरीच्या वाटेवर साखरप्याच्या त्या पोराला गाडी थांबवून ते तांबडे नट दाखवले.