तुम्ही विचारलंत म्हणून

चित्रं काढताना काय ऐकता, आणि आवडता ड्रमर कोण? हे दोन प्रश्न जोडीनंच येतात. पहिल्याला मी वर्षानुवर्षं ‘जॅझ’ असं ठोकून दिलं. ड्रमर टोनी विल्यम्स 17 वर्षांचा पोरगा असताना जॅझचा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या संचात गेला, एवढं सांगितलं की विचारणारा खूश आणि मी मोकळी.

खरं सांगायचं तर, पेन्सिल चालू असते तोवर काहीही चालतं. शाईची बाटली उघडली की सगळं बंद.

पूर्वी असं नव्हतं. लेड झेपलिन या रॉक बँडच्या जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी मांडून, माइक वर जिन्यात टांगून मुद्रित केलेला 1971 चा तो घणाघात हेडफोनवर लावून मी पानंच्या पानं शाईनं उठवली आहेत. मग एका कथेसाठी म्हाताऱ्याचं चित्र आलं. नऊ दिवस पेन्सिल, दहाव्या रात्री शाई. गालाच्या सावलीचं हॅचिंग, म्हणजे शेजारी शेजारी ओढलेल्या बारीक रेघा, सुरू केलं आणि वाटलं, काय हात बसलाय आज! निब एकदाही अडली नाही. पहाटे चित्र पाठवलं. दुपारी संपादकांचा फोन.

“छान आहे. पण हा माणूस मेलाय का?”

कथेत तो चांगला जिवंत होता. मी भांडले. मला न शोभेल असं बरंच बोलले. फोन ठेवल्यावर भिंग घेऊन बसले. गाल, कपाळ, मान, सगळीकडे रेघांमधलं अंतर एकसारखं. तीन बारीक, एक जाड. तीन बारीक, एक जाड. गालाचं हाड वर येतं तिथं रेघ विरळ व्हायला हवी, एवढंही हाताला कळलं नव्हतं. तो चेहऱ्याकडे बघतच नव्हता, हाय-हॅट, म्हणजे ड्रमच्या संचातली झांजांची जोडी, ऐकत होता. चित्र दुसऱ्या कुणाकडे गेलं. संपादकांनी पुन्हा कधी फोन केला नाही.

यात ड्रमरचा काय दोष? काही नाही. बॉनम तरी कुठे घड्याळासारखा वाजवायचा! घड्याळ माझ्या मनगटात होतं.

आवडता ड्रमर मात्र चार्ली वॉट्स. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा. स्नेअरवर, म्हणजे संचातल्या कडक आवाजाच्या ड्रमवर, डाव्या हाताची काठी पडायची, तेव्हा त्याचा उजवा हात हाय-हॅटवरून उचललेला असायचा. तेवढा ठोका तो चक्क गाळायचा. शिवाय माणूस मूळचा ग्राफिक डिझायनर, दौऱ्यावर ज्या ज्या पलंगावर झोपला त्याचं रेखाटन करणारा. रेघ गाळायला मी त्याच्याकडून शिकले, असं मध्यंतरी ऐटीत सांगत सुटले होते. जुनी मी हे ऐकून हसली असती. बाई गं, तू शिकलीस निब मोडली म्हणून. तसंही असेल.

परवा शाईचं काम चाललं होतं, खोलीत चिडीचूप. मध्येच लक्षात आलं, टेबलाखाली पाय ठेका धरून बसलाय. कशाचा, ते ओळखता येईना.