थ्रेड २ चे पंधरा लॉग
मार्चएंडची गोष्ट, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. एका बँकेचा डेटाबेस, प्रायमरी, म्हणजे रोजचं काम चालतं तो, नवी मुंबईत महापेला; डीआर, म्हणजे तो बंद पडला तर वापरायची प्रत (स्टँडबाय), हैदराबादला. प्रायमरीवर ओरॅकल १९सी चा दोन नोडचा रॅक (RAC, एकच डेटाबेस दोन सर्व्हर म्हणजे नोड मिळून चालवतात) मीच बसवलेला आणि मनापासून बसवलेला. इंटरकनेक्टला (नोडना आपसात जोडणारं नेटवर्क) दोन वेगळे स्विच, व्होटिंग डिस्क (कोणता नोड क्लस्टरमध्ये राहील हे ठरवणाऱ्या) तीन, दर थ्रेडला (एका नोडच्या बदलांच्या नोंदींचा प्रवाह) रीडो ग्रुप (त्या नोंदींच्या फाइल) चार म्हणून स्टँडबाय रीडो पाच, फोर्स लॉगिंग (प्रत्येक बदलाची सक्तीने नोंद) चालू. हे फोर्स लॉगिंग लोक विसरतात, मग एखादा नोलॉगिंग लोड होऊन जातो आणि डीआर उघडल्यावर नेमके तेच ब्लॉक करप्ट निघतात. इंटरकनेक्टच्या दोन्ही केबल ओढून बघितल्या होत्या, ३० सेकंदांनी एक नोड क्लस्टरबाहेर, दुसऱ्यावर काम चालू.

३१ तारखेला चारला हैदराबादची लिंक गेली. लाइन दोन कंपन्यांच्या, पण रस्त्याखाली दोन्ही एकाच डक्टमधून जातात हे खोदकामात तुटल्यावर कळलं. साडेपाचला नोड २ चा मदरबोर्ड गेला. त्याचा व्हीआयपी (जोडणीचा पत्ता) नोड १ वर गेला, शाखांमधून एकही फोन नाही, साहेब खूश.

पावणेसहाला लिंक आली. स्टँडबायवर बघतो तर एमआरपी (आलेले लॉग लावणारी प्रोसेस) अडकलेला, थ्रेड २, सिक्वेन्स (लॉगचा क्रमांक) ४८१७, वेट फॉर गॅप, म्हणजे मधला लॉग न मिळाल्याने थांबलेला. आधी वाटलं आणतोय हळूहळू, आर्काइव्ह (भरलेल्या रीडोच्या जपलेल्या प्रती) एएसएमवर, दोन्ही नोडच्या सामाईक डिस्कवर, आहेत म्हणजे नोड १ ला दिसणारच. दहा मिनिटं झाली तरी तिथेच. मग प्रायमरीवर आर्काइव्ह डेस्टिनेशन बघितलं. /यू०१/आर्च. लोकल डिस्क, आणि थ्रेड २ चे लॉग बंद पडलेल्या नोडच्या पोटात.

जानेवारीत मायग्रेशनच्या लोडला एफआरए (आर्काइव्हची सामाईक जागा) भरला, ओआरए-००२५७ (आर्काइव्ह लिहिता येत नाही ही एरर) येऊन सगळं ठप्प, तेव्हा टीम लीड म्हणाले तात्पुरतं लोकलवर टाका. त्या कॉलवर मी होतो, मी हो म्हटलं. पुढे डिस्क वाढवल्या पण डेस्टिनेशन परत फिरवायचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं. दोन महिने रोज सकाळी मी लॅग (डीआर किती मागे आहे) बघत होतो, शून्य यायचा, आणि तो खराच होता, कारण लिंक चालू असेपर्यंत आर्काइव्ह कुठे पडतात याने काही फरकच पडत नाही.

थ्रेड १ चे लॉग सगळे पोचले होते तरी उपयोग नाही, दोन्ही थ्रेड एससीएनच्या (प्रत्येक बदलाचा चढता क्रमांक) क्रमाने मिळूनच लागतात, एक अडला की दोन्ही अडले. त्या वेळी महापेला आग लागली असती तर वर्षअखेरच्या दिवसाचे चारनंतरचे सगळे व्यवहार गेले असते.

हार्डवेअरवाला मुलगा नाशिकहून परतत होता, वाटेतून थेट आला, त्याच्याइतकं शांत कुणीच नव्हतं. नोड २ च्या डिस्क काढून त्याच मॉडेलच्या स्पेअर सर्व्हरला लावल्या, रेड कंट्रोलरने (डिस्क सांभाळणारं कार्ड) फॉरेन कॉन्फिग, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरची मांडणी, दाखवलं, इम्पोर्ट केलं आणि माउंट झालं. ४८१७ ते ४८३१, पंधरा फाइल. कॉपी केल्या, एकेक स्टँडबायवर रजिस्टर केली. रात्री सव्वादहाला एमआरपी पुढे सरकला तेव्हा आम्ही दोघंच होतो. त्याच रात्री डेस्टिनेशन परत एफआरएवर घेतलं.

रिपोर्टमध्ये गेलं 'नोड २ हार्डवेअर फेल्युअर, सेवा अखंडित'. साहेब म्हणाले डेटा गेला नाही ना, मग झालं. जानेवारीतला बदल आणि त्याला मी दिलेला होकार, दोन्ही रिपोर्टमध्ये यायला हवं असा मेल मी केलाय. अजून उत्तर नाही.