आमची वाटचाल : एकट्याने उचलावी अशी होडी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या कारखान्यात तीन पिढ्या फर्निचर बनतंय. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवन या तंत्रशाळेत आजोबा शिकले, याचा घरात अजून अभिमान आहे. होडीशी मात्र आमचा काही संबंध नव्हता.

२०१६ मध्ये हंपीला तुंगभद्रेवर टोपलीसारखी गोल होडी पाहिली. आत बांबूचा विणलेला सांगाडा, बाहेरून पाणी न शिरणारं आवरण. पूर्वी कातडं लावत. नावाडी ती डोक्यावर घेऊन काठ चढून गेला, आणि मी तिथेच थांबलो. पण गोल होडी स्वतःभोवती फिरते. दोन वल्ह्यांनी सरळ जायचं तर ती लांब आणि अरुंद हवी.

आम्हीही सांगाडा करून त्यावर कापड ताणायचं ठरवलं. पहिला सांगाडा कपाटासारखा बांधला. जाड सागवान, प्रत्येक सांध्याला डिंक आणि स्क्रू. चौदा फुटी होडीचं वजन भरलं ४१ किलो! चांदोदला नर्मदेच्या वाळूवरून ओढताना तीन सांधे तडकले. पाण्यात होडी थोडी वाकते, पिळवटते. ताठ सांधा ते सोसत नाही.

दुसऱ्या वेळी स्क्रू काढूनच टाकले. बारा मिलिमीटर मरीन प्लायच्या आडव्या चौकटी, त्यांवर गाठी नसलेल्या, सरळ रेषांच्या पाईनच्या लांब पट्ट्या, आणि प्रत्येक सांधा मेण लावलेल्या दोऱ्याने आवळून बांधलेला. बाज विणतात ना, तशी ओढ लागते. दोरा थोडा देतो आणि परत धरतो. चौकटीची कड दोन पट्ट्यांच्या मधे आत कोरून घ्यायची, म्हणजे कापड फक्त पट्ट्यांवर टेकतं. पहिल्या होडीत हे केलं नव्हतं. चौकटीपाशी कापड घासून विरलं होतं.

कापडावर एक पावसाळा गेला. नायलॉन मजबूत असतं, पण दमट हवेत सैल पडतं. शेवटी सुरतेहून जाड पॉलिएस्टर आणलं. शिवून इस्त्री फिरवली की ते आक्रसून ढोलासारखं ताणतं. मग पाणी शिरू नये म्हणून पॉलियुरेथेनचे हात.

वल्ह्यांची जागा बाबांनी जमिनीवर खडूने आखून ठरवली. वल्हवणारा होडीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतो, म्हणून वल्ह्यांच्या कड्या बाकाच्या कडेपासून साधारण ३० सेंटिमीटर त्याच्या पायांच्या बाजूला. दोन कड्यांत चार फूट अंतर, वल्ही पावणेआठ फूट. पाय रोवायला आडवी पट्टी नसेल तर सगळा जोर कंबरेवर येतो. ही पट्टी आम्ही कोणत्याही होडीत वगळत नाही.

ही होडी १७ किलोची झाली. मी एकट्याने खांद्यावर घेतली.

‘कापड फाटलं तर?’ हे प्रत्येक जण विचारतो. चिरलं तर ठिगळ लागतं, पण पाणी भरल्यावर नुसता सांगाडा माणसाला सांभाळत नाही. म्हणून दोन्ही टोकांना हवेच्या पिशव्या आणि सोबत लाइफ जॅकेट दिल्याशिवाय आम्ही होडी विकत नाही. आमच्या वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत. तिथे नेण्यासाठी मागितली तर सरळ नकार देतो.

आजवर अकरा होड्या दिल्या. सध्या ओट्यावर दोघांसाठी सोळा फुटी सांगाडा आहे. त्याच्या कण्याच्या गाठी बाबा स्वतः बांधतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.