फायबर शाबूत, आतला प्लाय कुजलेला: बोटीच्या ट्रान्समचं काम

फायबरच्या बोटीला पाणी लागत नाही, असं आमच्या देवबाग-तारकर्ली पट्ट्यात सर्रास बोललं जातं. वरच्या फायबरपुरतं ते खरं आहे. पण जुन्या बोटींच्या मागच्या भिंतीत, म्हणजे आउटबोर्ड इंजिन टांगतो त्या ट्रान्समच्या आत, फायबरच्या दोन थरांमध्ये प्लाय असतो. आमच्या 18 फुटी बोटीचा हा प्लाय गेल्या उन्हाळ्यात पूर्ण बदलला.

संशय आला तो इंजिन टिल्ट करताना. ट्रान्सम किंचित मागेपुढे हलत होती. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. वरच्या कडेला टणक आवाज, खाली पाणी काढायच्या बुचाजवळ नुसता भद्द. इंजिनाचा खालचा बोल्ट काढला तर भोकातून तपकिरी पाणी गळायला लागलं. सुतारकाकांनी त्यात खिळा घालून पाहिला आणि म्हणाले, "आतला लाकूड सगळा कुसला हा. पुरा काढूक व्हया."

बऱ्याच जणांनी सुचवलं की भोकं पाडून रेझिन (सुकल्यावर कडक होणारा चिकट द्रव) ओता, भागेल. मला ते पटत नाही. ओल्या लाकडात रेझिन शिरत नाही, वरवर बसतं आणि ओल आत कोंडून राहते. पाऊणशे किलोच्या आसपासचं इंजिन ज्या भिंतीवर लटकतं, तिथे असली मलमपट्टी नको.

जलपर्यटन 26 मे ते 31 ऑगस्ट बंद असतं, म्हणून बहुतेक जण डागडुजी तेव्हा काढतात. पण त्या दिवसांत इथल्या हवेत काहीच वाळत नाही. म्हणून मी ऐन हंगामात, एप्रिलमध्येच बोट वर ओढली. धंदा बुडाला, पण लाकडाच्या कामाला कोरडी हवाच लागते.

बाहेरचं फायबर जसंच्या तसं ठेवलं, साच्यासारखा त्याचा आधार मिळतो. आतल्या फायबरचा थर ग्राइंडरने चारी बाजूंनी कापून उचलला. खालचा प्लाय चहाच्या चोथ्यासारखा हाताने ओरबाडून निघत होता, आंबट वास मारत. वरचा भाग मात्र छिन्नीनेही सुटेना. घासताना उडणारी फायबरची धूळ फार वाईट: चांगला मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या हव्यातच, आणि नंतरची आंघोळ गार पाण्याने.

मग वाळवणं. उन्हात उघडी ठेवून रात्री आतल्या बाजूला प्लास्टिकचा तुकडा कडेने टेप लावून चिकटवायचा. सकाळी आतून दव दिसलं की अजून ओल आहे. दव दिसेनासं होईपर्यंत मी पुढे हात घातला नाही. तेवढ्या वेळात आतल्या लांबट आधारपट्ट्यांना, म्हणजे स्ट्रिंजरना, बारीक भोकं पाडून भुसा पाहिला. पांढरा आणि कोरडा निघाला, म्हणून ती भोकं इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या रेझिनने, बुजवून टाकली.

नवा प्लाय आयएस 710 शिक्क्याचा मरीन ग्रेड, 18 मिमीचे दोन थर. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला. प्लायच्या कडा सगळ्यात जास्त पितात, म्हणून त्यांना इपॉक्सीचे हात पुन्हा पुन्हा दिले. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सी जास्त घट्ट धरते. फक्त तिच्याबरोबर काचतंतूंच्या तुकड्यांची नेहमीची मॅट चांगली भिजत नाही. मॅटमधले तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. म्हणून काचतंतूंचं विणलेलं कापड आणलं.

मे महिन्यात डब्यात एकदम जास्त इपॉक्सी कालवली तर ती स्वतःच तापून धुरायला लागते. आम्ही पहाटे काम धरायचो आणि मिश्रण लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचो. लादीवाल्याच्या दातेरी थापीने इपॉक्सीची घट्ट पेस्ट फासली, जुन्या भोकांतून मेण लावलेले बोल्ट घालून प्लाय ओढून घेतला. फार आवळायचं नाही, नाहीतर पेस्ट सगळी बाहेर येते. कोपरे पेस्टनेच गोलवले आणि त्यावर कापडाचे थर चढवले, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद, बाजूंवर आणि तळावर उतरलेला. दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट साय येते. पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा थर लावायचा नाही.

बोल्टच्या भोकांवर मी सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण पाणी शिरलं होतं तिथूनच. 12 मिमीच्या बोल्टसाठी 20 मिमीचं भोक पाडलं, ते घट्ट इपॉक्सीने भरलं, पूर्ण सुकल्यावर मधोमध 12 चं भोक पाडलं. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही. बुचाच्या भोकालाही तेच केलं. बोल्ट बसवताना बाथरूमचं सिलिकॉन न वापरता बोटीचं पॉलीयुरेथेन सीलंट लावलं.

कर्लीच्या खाडीत पूर्ण थ्रॉटल देऊन पाहिलं, भिंत हलली नाही. आता दर पावसाळ्याआधी एक खालचा बोल्ट काढून भोकात कोरडी चिंधी फिरवतो.